बिनबांगड्यांचे हात

आमच्याकडे कुणी लोहाऱ्याच्या माळावरच्या फुग्यांच्या कॅम्पची आठवण काढली की गोष्ट ठरल्यासारखी एकाच ठिकाणी जाऊन संपते. पाच सुवासिनींनी ओवाळलं आणि फुगा आकाशात गेला. गेल्या लग्नसराईत पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हीच गोष्ट चालवली, तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला आणि म्हटलं, "तो फुगा आकाशात गेला नाही. बाभळीवर पडला. मी तिथं होते."

"असंल बाप्पा," ते म्हणाले, "पण ओवाळलं तं होतं न!"

ओवाळलं होतं, हे खरंच आहे. बाकीचं मी लिहून ठेवते.

साठ सालानंतरची गोष्ट. माझा नवरा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. तो टायफॉइडनं गेला तेव्हा मुलगी शाळेत रुळली होती आणि लोहाऱ्यात आमची भाड्याची एक खोली होती. हंगामात मी जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, एरवी मिळेल ते करायची. धाकट्या दिराची मुकुटबनला शेती. ते दर महिन्याला यायचे, खाटेवर बसायचे आणि तेच सांगायचे.

"वैनी, एकटीनं कायले हाल काढून राह्यल्या? घरी चाला. घरचं करा, घरचं खा."

"आणि पोरीची शाळा?"

"चौथी होते न आता. पोरीच्या जातीले अजून किती पाह्यजे? तिथं तिच्या काकूले लेकरं सांभाळाले हात होईन."

दीर वाईट नव्हते. त्यांना घरात दोन माणसं हवी होती, एक शेतात राबायला आणि एक पाळणा हलवायला, आणि ती फुकट मिळण्यासारखी होती. शेवटी आमचं असं ठरलं की होळीपर्यंत माझ्या हाताला काम टिकलं तर मी लोहाऱ्यात राहायचं. मध्येच सुटलं तर ते येऊन सामान उचलणार. एकदा मुकुटबनला गेले की पोरीची शाळा संपली, हे मला लख्ख दिसत होतं.

त्याच दिवाळीनंतर माळावर तंबू लागले. एका संशोधन संस्थेचे लोक होते. आकाशात फार उंचावर जे किरण येतात ते टिपायला एका पेटीत फोटोच्या काचा भरायच्या, ती पेटी प्लास्टिकच्या प्रचंड फुग्याला बांधायची आणि वर सोडायची. वर जाऊन फुगा फुटतो आणि पेटी छत्रीनं खाली येते, असं ते काम. गावात सगळे त्याला राकेटच म्हणत. त्या वर्षांत वर जाणारं काहीही राकेटच असायचं.

कॅम्पचे मुख्य साहेब मद्रासकडचे, वयानं तरुण, हिंदी तोडकं. तंबू, पाणी, मजूर हे सगळं पुरवायला गावचा एक ठेकेदार होता. फुग्याचं प्लास्टिक कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, लांबी एवढी की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचं ऐकू येऊ नये. खोक्यातून काढून ते जमिनीवर अंथरायचं, घड्या उलगडायच्या, सुरकुत्या काढायच्या. कापूस वेचणाऱ्या बायांचे हात हलके असतात असं साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी बायाच मागितल्या. पहिल्या सकाळी माळावर बायांची जत्रा जमली. ठेकेदारानं एकेक नियम सांगितला. चपला नको. अंगठ्या, जोडवी, टाचणी नको. नखं कापून यायची.

"आन बांगड्या उतरवून ठेवाच्या."

पुढची एक बाई कडाडली, "माहा नवरा जित्ता हाये, ठेकेदार! बांगड्या उतरवाले सांगतं? तुह्या बायकोच्या उतरव आधी!"

बाया हसल्या, पदर सावरले आणि ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं परत गेल्या. उरलो आम्ही तिघी. एक मी. दुसरी जवळच्या तांड्यातली बंजारा म्हातारी, तिला आम्ही याडी म्हणायचो, म्हणजे आई. तिचा नवरा गेला तेव्हा दंडापर्यंतच्या बांगड्या उतरल्या होत्या आणि त्यांचे फिकट वळ कातडीवर तसेच राहिले होते. तिसरी माझ्या वयाची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून कुंकू तिनं सोडलं होतं. बांगड्या मात्र आवडतात म्हणून घालायची. तिनं टँकरच्या नळाखाली हात धरला, साबण लावला, एकेक बांगडी काढून पदराच्या गाठीत बांधली.

मागं रेंगाळलेली एक ओरडली, "काहून वं, नवरा मेला का तुहा?"

"तो पाह्य तिकडं, टँकरवर बसून बिडी वढून राह्यला," ही म्हणाली. "त्याचा जीव बांगडीत नाही, बिडीत हाये."

(पुढं गॅसची नळकांडी आली, कॅम्पात विडी-काडी बंद झाली, तेव्हा त्या माणसाचा जीव जायची वेळ खरोखरच आली होती.)

साहेबांनी आमच्या सहा हातांकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "बस. यही चाहिए." मला त्याचा राग आला नाही असं नाही. आमच्या हातात काय होतं म्हणून नव्हे, काय नव्हतं म्हणून आम्हाला घेतलं होतं. पण काम होतं आणि होळीपर्यंत पुरणारं होतं. मी राग बाजूला ठेवला.

विहिरीवर मात्र तो रोज पुन्हा समोर यायचा. मी घागर घेऊन गेले की एखादी म्हणणार, "सरका वो बाई, राकेटवाली आली." दुसरी हळूच, पण मला ऐकू जाईल असं, "रांडावांच्या हातचं राकेट, वर जाईन का बसंल थो?"

पहिलं वर गेलं. तो फुगा आम्ही पहाटेपासून अंथरला. वारा पडलेला असतो तेवढ्यातच काम उरकावं लागतं. जमिनीवर आधी जाड कापड, त्यावर फुगा. आम्ही अनवाणी, वाकून, दोन्ही बाजूंनी चालत जायचं, तळव्यानं प्लास्टिक सपाट करायचं, कुठं खडा, काटा, किडा आहे का ते पाहायचं. बोलायचं नाही, कारण बोलताना हात थांबतो. मग साहेबांची माणसं नळी जोडायची, गॅस शिरायचा, वरचं टोक हलायला लागायचं. आम्ही खालचा भाग कुशीत धरून उभ्या राहायचो आणि खूण झाली की सोडायचं. सोडला. तो सरळ वर गेला, उन्हात चकाकला, शेवटी दिवसा दिसणाऱ्या चांदणीएवढा झाला. याडी मान वर करून बघत होती. म्हणाली, "याडी गं! गेला का खरंच?" म्हटलं, गेला. आम्ही कापड झटकून घडी घालायला लागलो.

दुसऱ्या फुग्याच्या वेळी घोळ झाला. नागपूरहून कुणी मोठे पाहुणे बघायला येणार होते. ठेकेदाराच्या अंगात आलं. रस्त्याला पताका लागल्या, खुर्च्या आल्या, नारळ आले आणि ओवाळायला पाच सुवासिनी ठरल्या. सगळ्यांच्या पुढं त्याची बायको, कोपरापर्यंत हिरव्यागार काचेच्या बांगड्या भरून.

आम्ही नेहमीसारख्या पहाटे आलो, फुगा अंथरला, एकेक घडी उलगडली. उजाडलं तसा ठेकेदार जवळ आला.

"झालं न तुमचं? आता तुम्ही तिघी थोडं स्वैपाकाच्या तंबूमागं जा. शुभ काम हाये, पाव्हणे येऊन राह्यले. समोर नोका दिसू."

"आणि सोडताना खालून धरायचं कुणी?" मी विचारलं.

"पाहू न ते. माणसं हायेत."

तिसरीनं कमरेवर हात ठेवले. "ठेकेदार, माहा नवरा थो काय तिकडं टँकर धुऊन राह्यला. जा, त्याले विचारून ये का मी रांडाव हाव म्हणून."

"कपाळ तं पांढरंच हाये न तुह्यं."

"तुह्या टोपीपेक्षा सोच्छ हाये."

मी सरळ साहेबांकडे गेले. हा माणूस आमची नखं रोज स्वतः तपासायचा. त्याला म्हटलं, "साहेब, त्या बाया बांगड्या घालून येणार आहेत. आणि आम्ही तंबूमागं जायचं?"

साहेबांनी जमिनीकडे बघितलं. "एक दिन की बात है, बाई. ये जगह का परमिशन, पानी, सब उसके हाथ में है. वो लोग दूर से करेंगे."

आम्ही तंबूमागं गेलो. तिथं भांडी घासायला ठेवली होती. याडी राख घेऊन ती घासायलाच बसली, कारण रिकामं बसणं तिला जमत नसे. मी उभी राहून कनातीच्या फटीतून बघत होते. लपून बघायची मला सवय नाही आणि आवडही नाही, पण पहाटेपासून राबून अंथरलेली आपली वस्तू लोक कशी हाताळतात ते बघायचा हक्क मला होता असं मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते.

पाहुणे आले. नारळ फुटला. निरांजन पेटवायला निघाले तेव्हा साहेब धावत आले आणि दिवा विझवायला लावला. गॅसजवळ ज्योत चालत नाही, तेवढं भान त्यांना होतं. मग न पेटवलेल्या निरांजनानं ओवाळलं. इथवर ठीक होतं. पेटीला कुंकू लावलं, तेही चालण्यासारखं. पण ठेकेदाराच्या बायकोचं मन भरलं नाही. तिच्या मते कुणी लांबच्या वाटेनं निघालं की ओटी भरावीच लागते. तिनं खण आणला होता, तांदूळ आणले होते. फुग्याला ओटी कुठली? म्हणून तिनं मध्यावर, जिथं घड्या नुकत्या मोकळ्या केल्या होत्या तिथं, गुडघे टेकले आणि पसाभर तांदूळ प्लास्टिकवर घातले. बाकीच्या चौघीही वाकल्या. सगळ्यांच्या काचेच्या बांगड्या त्या कांद्याच्या पापुद्र्यावरून खळखळत फिरल्या. पाहुणे कौतुकानं बघत होते. साहेबांचा चेहरा मला दिसत होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

एवढ्यात ठेकेदारीण चट्कन उठली. तिनं उजवा हात पदराखाली घेतला. तो तिनं पुढं शेवटपर्यंत बाहेर काढला नाही.

गॅस सोडला. वरचं टोक उठलं, थोडं डोललं आणि मध्येच सूं असा आवाज सुरू झाला. फुगा एका अंगाला कलला, खालून धरणारी माणसं बिचकली, कुणी सोडला, कुणी ओढला. पेटी राहिली जमिनीवर आणि ते सगळं धूड घसरत जाऊन बाभळीवर आडवं झालं. साहेबांनी नळ बंद करायला लावले. पाहुणे खुर्चीवरून उठले होते.

तेव्हा ठेकेदार पाहुण्यांसमोर, मोठ्यानं, आम्ही तंबूमागं आहोत हे माहीत असून म्हणाला, "साहेब, मले वाटतच होतं. अंथराले बिनकुकवाच्या बाया लावल्या होत्या यायनं. हात लागले न त्यायचे. उद्यापासून त्यायले बंद!"

आणि साहेब पुन्हा गप्प. पाहुण्यांनी मान हलवली. चहा झाला, गाड्या गेल्या.

बाभळीवरचं प्लास्टिक काढायला मात्र आम्हालाच बोलावलं. त्या कामाला शुभ-अशुभ लागत नसावं. काढता काढता ज्या ठिकाणी तांदूळ होते तिथंच लांबलचक चीर सापडली आणि घडीत हिरवी काच. तिसरी म्हणाली, "आता समजलं, बाई हात काहून लपवून राह्यली होती."

मलाही तेव्हाच कळलं. भरल्या ओटीवर सुवासिनीची बांगडी फुटली होती. आमच्या लोकांत याच्याइतका वाईट शकुन नाही. बांगडी फुटली असं म्हणायचीसुद्धा चोरी, वाढवली म्हणतात. चारचौघांत ते कबूल करणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर आपणच संकट ओढवून घेणं. म्हणून तिनं हात झाकला, नवऱ्यानं ते पाहिलं, आणि त्याच्या घरचा अपशकुन उचलून आमच्या कपाळावर ठेवला. ते कपाळ आधीच पुसलेलं, तिथं काहीही चिकटवता येतं, असा हिशेब. मला त्या बाईचा राग कमी आला. भीती खरी असते. मला राग आला तो शिकलेल्या माणसाचा, ज्याला कशानं फाटलं ते ठाऊक होतं आणि ज्याला कुठलीच बांगडी भरायची नव्हती.

काम सुटल्याची बातमी मुकुटबनला कशी गेली ते मला ठाऊक नाही. वाईट बातमीला तिकीट लागत नसावं. दीर आले आणि खाटेवर बसले.

"काम सुटलं म्हनते."

"हो."

"मंग? आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं. मी शब्द फिरवणारी नाही. भांडी पोत्यात भरायला घेतली. पोरगी दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेच जास्त वाईट होतं.

तेवढ्यात गल्लीत जीप आली. साहेब उतरले. ते सांगायला लागले, ठेकेदारानं दुसऱ्या बाया दिल्या होत्या. त्या बायांनी बांगड्या न उतरवता वरून चिंध्या बांधल्या. जुन्या तुकड्यावर हात फिरवून बघायला सांगितलं तर चिंध्या सरकल्या आणि तुकडा फाटला. पुढचा फुगा शेवटचा होता.

"बाई, कल सुबह आना है. तीनों को. होली तक काम है."

"ठेकेदारानं बंद केलंय."

"उसको मैं बोलूंगा."

"त्याला काय बोलायचं ते बोला. आधी इथं बोला." मी त्यांना विहिरीकडे घेऊन गेले. पाणी भरायची वेळ होती, सगळ्या तिथं होत्या. "फुगा कशानं फाटला ते यांना सांगा."

साहेब कानापर्यंत लाल झाले. "मुझे मालूम है, तुम लोगों की गलती..."

"मला नका सांगू. मला माहीत आहे. यांना सांगा."

"वो... चूड़ी से फटा."

"मोठ्यानं."

"चूड़ी से फटा!" साहेब ओरडलेच. "इन लोगों के हाथ से नहीं फटा!"

रहाट थांबला. मला रोज टोमणे मारणारी शेजारीण पुढं सरकली. "कोणाच्या चुडीनं वो साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"ठेकेदार के घर से... उनकी मिसेस."

"अवं माय!" शेजारीण म्हणाली, आणि मग सगळी विहीर एकदम बोलायला लागली.

"अजून एक," मी म्हटलं. "तो फाटका फुगा कुठं आहे?"

"स्टोर में. ठेकेदार माँगता है, कपास ढकने को."

"तो आम्हाला द्या. तिघींना."

त्यांनी मान डोलावली. मी खोलीत परत आले, पोत्यातली भांडी फळीवर लावली आणि दिरांना चहा दिला. "भाऊजी, होळीपर्यंत काम आहे. होळीला आम्हीच येऊ, भेटायला."

ते विहिरीवरचं सगळं ऐकून आले होते. बशीत चहा ओतत म्हणाले, "तुमच्या तोंडाले लागण्यात अर्थ नाही वैनी."

तिसरा फुगा आम्ही अंथरला आणि आम्हीच खालून धरून सोडला. तो गेला. तो बघायला मात्र एकही पाहुणा नव्हता, आणि माझा राग आजही तिथंच अडकलेला आहे. साहेब खरं बोलले ते विहिरीवर, घागरी घेतलेल्या बायांपुढं. खुर्च्यांवरच्या माणसांपुढं बोलले नाहीत. म्हणून विहिरीवरची गोष्ट विहिरीवर राहिली आणि खुर्च्यांवरची गोष्ट, पडलेला फुगा वगळून, पंगतीपंगतीतून फिरते आहे.

होळीनंतर कॅम्प उठला. काम संपलं, पण प्लास्टिकचा ढीग खोलीत होता. कॅम्पात फुग्याची लहान भोकं कशी बुजवतात ते आम्ही बघितलं होतं. वर कागद ठेवायचा आणि गरम इस्त्री फिरवायची, की दोन पदर चिकटतात. आम्ही तिघींनी कोळशाची इस्त्री घेतली, दुहेरी-तिहेरी पदर केले आणि निंदणाला जाणाऱ्या बायांसाठी डोक्यावरून कमरेखालपर्यंत येणारी खोळ बनवली. त्या काळी आमच्याकडे पावसात पोतंच घ्यायचे. ते भिजून मणाचं व्हायचं. हे पिसासारखं हलकं आणि आत थेंब नाही. मृगाच्या आधीच मागणी सुरू झाली. पोरगी पाचवीत गेली, लोहाऱ्यातूनच.

शेजारीण एका दुपारी आली. आभाळ भरून आलं होतं. तिनं खोळ हातात घेऊन उलटसुलट बघितली. बांगड्या लागू नयेत म्हणून मी तिचा हात बाजूला केला.

"हे त्या फाटक्या राकेटचंच हाये न वं?"

"हो."

"मंग याच्यानं काही अपशकुन तं नाही होणार?"

"होईल. नको असेल तर भिज."

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "दोन दे. एक जावेले."